हातमोजा दातांत होता

आधीच सांगून ठेवतो, मंडळी — मी भुताचे आवाज काढून लोकांना घाबरवणाऱ्यांपैकी आहे, घाबरणाऱ्यांपैकी नाही! शब्दभ्रम हा माझा जुना छंद. कॅनडात, सस्काटूनच्या आमच्या मराठी मंडळात दर गणपतीत रंगा नावाचा बाहुला मांडीवर घेऊन, ओठ न हलवता मी अध्यक्षांची यथेच्छ टिंगल करतो, आणि अध्यक्ष पहिल्या रांगेत बसून टाळ्या वाजवतात. त्यामुळे ‘कुठून तरी आवाज आला’ असं कोणी सांगितलं की मला हसू यायचं. आवाज कसे ‘येतात’ हे माझ्याइतकं कोणाला माहीत असणार?

मागच्या एप्रिलपर्यंत असं होतं.

शहरापासून गाडीने अर्ध्या तासावर, शेतांच्या मधोमध एक तळं आहे. चहूकडे सपाट जमीन, आडोशाला एक झाड नाही. एप्रिलमध्ये गोठलेल्या तळ्यावरचा बर्फ वितळायला लागला की त्यावर पाण्याचा पातळ थर साचतो, आणि वारा पडला की सूर्यास्ताचं अख्खं आकाश त्या पाण्यात उतरतं. केशरी, मग डाळिंबी, मग जांभळं... काही मिनिटांचा खेळ! मी दर वर्षी फोटो काढायला जातो, आणि माझ्याबरोबर पम्या येतो.

पम्या म्हणजे प्रमोद. पोटॅशच्या खाणीत इंजिनिअर. मी या देशात उतरलो तेव्हा एअरपोर्टवर माझ्यासाठी जादा जॅकेट घेऊन उभा होता, तेव्हापासूनचा मित्र. त्याला पम्या म्हणणारा इथे मी एकटाच. बाकी सगळ्यांचा तो प्रमोदजी.

त्या संध्याकाळी मी काठावर ट्रायपॉड लावून गुडघ्यांवर बसलो होतो. कॅमेऱ्याची बटणं दाबायला बोटं मोकळी हवीत म्हणून उजवा हातमोजा काढून दातांत धरला होता. पम्या बर्फाच्या कडेला उभा राहून फोनवर व्हिडिओ काढत होता. “बघा, आमचे कलाकार कामाला लागलेत,” म्हणत त्याने फोन माझ्याकडे वळवला. मी भुवया उडवल्या.

आणि आवाज आला.

“पम्या, जरा पुढे जा. बर्फ पक्का आहे. फोटोत तू हवायस.”

माझा आवाज! तोच सूर, शेवटी तोच लाडिक हेल... पण मी बोललो नव्हतो. मला तो समोरून, तळ्याच्या मध्यातून ऐकू आला. तिथे कोणी नव्हतं. नुसतं केशरी पाणी.

“जो हुकूम!” पम्या म्हणाला आणि निघाला.

मी हातमोजा थुंकून “थांब!” असं ओरडेपर्यंत उशीर झाला होता. कडकन बर्फ फुटला आणि तो छातीपर्यंत आत गेला. मी पोटावर सरपटत गेलो, ट्रायपॉडचे पाय लांबवून त्याच्या हाती दिले आणि ओढला. गाडीत हीटर फुल लावून त्याचे ओले कपडे उतरवत होतो, तेव्हा कुडकुडत तो पहिलं वाक्य बोलला, “सुध्या, गमतीला काही लिमिट असते रे.”

“अरे, मी नाही बोललो!”

“मग कोण? रंगा?”

मला वाटलं, व्हिडिओ पाहिला की मी सुटलो. फोन त्याने बुडतानाही सोडला नव्हता. व्हिडिओत मी स्वच्छ दिसतोय — दातांत हातमोजा, ओठ जागच्या जागी — आणि आवाज खणखणीत माझा. पण ओठ न हलवता बोलणं हीच तर माझी कला! मंडळाच्या पाडव्याला सगळ्यांनी तो पाहिला. कॉलेजची पोरं म्हणाली, “काका, लेव्हलच वेगळी!” पम्याची बायको, अंजूवहिनी, माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “भाऊजी, हा गेला असता तर मी काय केलं असतं?”

मी जीव तोडून सांगितलं. आवाज कुठे फेकता येत नाही हो, तो भास असतो. बाहुल्याचं तोंड हलतं म्हणून तुम्हाला तिथून ऐकू येतं. आणि प, ब, म ही अक्षरं ओठ मिटल्याशिवाय येत नाहीत. आम्ही लबाडी करतो, तिथे दुसरंच काहीतरी दडपून देतो. दातांत लोकरीचा हातमोजा धरून ‘पम्या’, ‘बर्फ पक्का’ इतकं स्पष्ट म्हणणारा माणूस आणा, मी त्याचा शिष्य होतो!

लोक हसले. त्यांना तोही कार्यक्रमच वाटला. पम्या हसला नाही. कोपऱ्यात उभा राहून एकेक शब्द ऐकत होता. मी त्याच्याकडे पाहिलं... हा तरी म्हणेल, माझा सुध्या असं करणार नाही.

“पुरे रे आता,” तो म्हणाला.

ते लागलं मला. याला बर्फातून ओढून काढणारा मी, आणि आत घालणाराही मीच!

मग फोन बंद, येणंजाणं बंद. उन्हाळ्यात एका दुपारी तो एकटाच घरी आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. मी चहा ठेवला.

“सुध्या, एकदा म्हण की तूच बोललास.”

“पण मी—”

“रोज तो व्हिडिओ कानाला लावून ऐकतो रे मी. झोप येत नाही. एकदा म्हण, विषय संपला.”

राग इतका आला होता की त्याला बाहेर काढावंसं वाटलं. पण तोवर त्याने खिशातून फोन काढून पुन्हा तोच व्हिडिओ कानाला लावला होता. मग मी आयुष्यातली सगळ्यात चांगली भूमिका केली. मान खाली घातली, आवंढा गिळला. “हो. मीच बोललो. चुकलो.”

आता शिव्या घालेल, एखादी ठेवूनही देईल, अशी माझी तयारी होती. त्याने लांब श्वास सोडला, शांतपणे चहा संपवला, आणि दारात बूट घालताना म्हणाला, “थँक यू, सुध्या.”

आपल्या जिवावर उठलेल्या माणसाला कोणी थँक यू म्हणतं का? म्हणजे मी बोललो नव्हतो, हे याला माहीत होतं. पाडव्यालाही माहीत होतं!

आता आमचं येणंजाणं सुरू झालंय, पम्या झोपतोही म्हणे. तो आवाज कोणाचा, हे मला आजही सांगता येत नाही. त्यालाही येत नाही — त्याने फक्त तिथे माझं नाव घातलंय, आणि मी ते घालू दिलंय.