काविळीच्या माळवाल्या मावशी

माळवाल्या मावशी कोणाशीही बोलायच्या आधी त्याच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघत. नालासोपाऱ्यात आमच्या बिल्डिंगमागच्या जुन्या गावात त्यांचं घर होतं. भातशेती कधीच टॉवरखाली गेली, पण अंगणातली रोग्यांची रांग हटली नव्हती. डोळा पिवळा दिसला की ओल्या काड्यांचे तुकडे दोऱ्यात गुंफून त्या माळ करत आणि डोक्यावर ठेवत. काड्या सुकल्या की माळ लांबायची, गळ्यात यायची, मग पोटावर, आणि एक दिवस पायात पडायची. मावशी म्हणत, "गेली. आता लाग कामाला." मग विरारहून आलेली माणसंही निर्धास्त व्हायची.

दहावीत मीही ती माळ घातली होती. वर्गातल्या पोरी मला हळदीची नवरी म्हणायच्या. माळ पडली, डोळे पांढरे झाले आणि आम्ही विसरलो.

तिशीत मला दिवस गेले, तेव्हा रक्तात हिपॅटायटिस बी निघाला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ही पाण्यातून होणारी कावीळ नव्हे. पिवळेपणा जातो, पण विषाणू वर्षानुवर्षं रक्तात राहू शकतो. आईकडून बाळाला, नवराबायकोत एकमेकांना, वापरलेल्या सुईतून, ब्लेडमधून तो गुपचूप पुढे जातो. एका ताटात जेवल्याने होत नाही. जन्मल्याबरोबर लस टोचली की बाळ बहुतेक वेळा वाचतं. त्यातलं 'बहुतेक' तेवढं मी घरी घेऊन आले. माझी पाचावर धारण बसली होती. उपयोग नाही हे कळत असूनही मी माझं ताट वेगळं केलं.

तणतणतच मावशींकडे गेले. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "म्हंजे माल परली तरी ती आत व्हती?"

मी हो म्हटलं. त्या तिथेच ओट्यावर बसल्या आणि नावं आठवू लागल्या. कोणाला त्यांनीच सांगितलं होतं, आता लग्न करायला हरकत नाही. कोणाची दोन मुलं झाली होती. माझा राग गेला आणि नुसती भीती उरली. समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या मी मोजू लागले, यातल्या किती घरांत ती माळ गेली असेल?

माळा बंद झाल्या. मावशी गुडघे धरून एकेक जिना चढू लागल्या. दार उघडलं की एवढंच म्हणत, "मी चुकले. रगत तपासून घे." काही जण गेले. बऱ्याच जणांनी तोंडावर दार लावलं.

वर्षाने माझ्या मुलीचा रिपोर्ट आला. तिच्यात काही नव्हतं. मी पेढे घेऊन गेले आणि विचारलं, मावशी, तुमचं रक्त? त्यांनी हात पदराखाली घेतला. गावभर दारं ठोठावणारी ही बाई स्वतःच्या रक्ताला भीत होती. मी ओढूनच नेलं. तोच विषाणू निघाला. मग त्यांची मुलं तपासली, तर थोरल्यातही निघाला. त्याची वेळ अजून गेली नव्हती, रोज गोळी घेतली तर यकृत वाचणार होतं; मावशींची वेळ गेली होती.

थोरल्याने आईशी बोलणं टाकलं. मला सोबत घेऊन मावशी त्याच्या दारात जाऊन उभ्या राहिल्या.

"मीच दिली तुला. माज्यावर राग धर, पन गोली चुकवू नको."

त्या पावसाळ्यात मावशी गेल्या.

तेराव्याला थोरला पंगतीत भात वाढत होता. मध्येच त्याने पातेलं खाली ठेवलं, खिशातून गोळी काढली आणि सगळ्यांदेखत पाणी मागितलं.