सरपंच काकू आणि मस्कतच्या बाई

माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार आहेत ते आमच्या सरपंच काकूंचे, आणि एक सही करायला त्यांच्याइतका वेळ लावणारं माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात सापडायचं नाही. झरीजवळच्या आमच्या गावची जागा महिलांसाठी राखीव झाली, तेव्हा काकांनी त्यांना उभं केलं. कारभार आपण बघू, ही सह्या करील, असा काकांचा बेत. पण काकू चौथी शिकलेल्या. प्रत्येक कागद मोठ्यानं, अक्षरावर बोट ठेवून वाचल्याशिवाय सही नाही. ग्रामसेवकाची परभणीची गाडी कितीदा तरी चुकली. कार्यालयात त्यांच्या खुर्चीवर काका बसायचे. काकू भांडल्या नाहीत. घरून दुसरी खुर्ची डोक्यावर घेऊन आल्या आणि शेजारी मांडली. संध्याकाळी ती परत घरी. पाच वर्षं ती खुर्ची गावातून ये-जा करत होती.

आमच्या घरात दहावीच्या पुढे कुणी गेलेलं नव्हतं. वडील मला कॉलेजला पाठवत नाहीत हे कळल्यावर ती खुर्ची तीन दिवस आमच्या अंगणात होती, काकूंसकट. चौथ्या दिवशी वडिलांनीच माझी पेटी बांधली.

आता मी मस्कतच्या एका दवाखान्यात लॅब टेक्निशियन आहे. फोनवर काकू आधी तिथल्या बायांची चौकशी करतात, माझ्या तब्येतीची नंतर. ओमानात मतदान मोबाइलवर होतं म्हटल्यावर त्या हळहळल्या, "मंग बायांनी नवं लुगडं नेसून बाहेर कवा पडायचं?" आमच्या लॅबमधल्या एक ओमानी बाई शूरा परिषदेला, म्हणजे इथल्या लोकसभेला, उभ्या होत्या म्हणालो, तर लगेच विचारलं, जागा राखीव सुटली का. इथं राखीव जागाच नाहीत, असं मी सांगितलं.

"मंग उभी कशी राहिली?"

"राहिल्या. पडल्या पण."

यंदा आमच्या गावची जागा खुली झालीय. खुली म्हणजे पुरुषांची, असं सगळं गाव धरून चालतं. काकूही धरून चालल्या होत्या. काकांनी स्वतःसाठी कागद जमवायला घेतले होते आणि ते वाचून दाखवायचं काम काकूंकडे होतं. अर्ज भरायला चार दिवस उरले होते.

"खुल्या जागंवर बाई उभी राहती का, ते इचारून लिहून पाठव," त्या हळूच म्हणाल्या. "मी सांगितलं तर म्हणतील, ही मनानंच सांगायलीय."

त्याच दिवशी मी पत्र लिहिलं आणि त्याचा फोटो पाठवला.

'ती. काकूंना सा. न.

त्या बाई पडल्याच्या दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर आल्या. आता पुढं काय, असं मी भीत भीत विचारलं. म्हणाल्या, ज्यांनी मला मत दिलं ती माणसं आहेतच की, परत उभी राहीन.

खुल्या जागेवर बाईला उभं राहता येतं. मी तहसीलमध्ये फोनवर विचारून खात्री केली आहे. काकांना त्यांचा अर्ज भरू द्या, तुम्ही तुमचा भरा. निवडून याल का, ते मला सांगता येत नाही. माझं नाव गावच्या यादीत आहे आणि मी इथं, एवढंच वाईट वाटतं. एका मतानं पडलात, तर ते मत माझं समजा.

तुमचाच.'