रॅमच्या दोन्ही पट्ट्या माझ्या हातात होत्या

भूतखेत, करणी, उतारे... असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणं सोडाच, त्यांच्याविरुद्ध पत्रकं वाटतच मी मोठी झाले. चौथीत असताना वडिलांबरोबर, आप्पांबरोबर, इथल्या, म्हैसूरच्या, बसस्टँडवर ‘लिंबू-मिरचीने अपघात टळत नाहीत’ हे पत्रक वाटलंय. म्हणून हे वाचून कुणी ‘बघा, शेवटी पटलं ना!’ म्हणू नये. मला काहीही पटलेलं नाही. पण जे पाहिलं ते गैरसोयीचं आहे म्हणून दडपायचं, हेही मला कुणी शिकवलेलं नाही.

म्हैसूरजवळ कडकोळला कापड रंगवण्याच्या एका कारखान्यात रत्नम्मा नावाच्या बाई होत्या. रसायनाच्या हौदावर काम करून त्यांची फुप्फुसं गेली. कारखाना म्हणतो, त्या हौदावर कधी नव्हत्याच. मी कामगारांच्या तक्रारी लढवते; मरण्याआधी त्यांनी मला अडतीस मिनिटांची साक्ष दिली होती, फोनवर रेकॉर्ड केलेली. त्याच हौदावर अजून अकरा बायका काम करत होत्या. हौद बंद व्हावा म्हणून कामगार कार्यालयात आमची तक्रार होती आणि सोमवारी सुनावणी होती.

साक्ष कुठे होती? फक्त आमच्या जुन्या डेस्कटॉपवर. कामगाराची साक्ष परक्या कंपनीच्या क्लाउडवर ठेवायची नाही, हा आमच्या घरातला नियम. फोन भरला तेव्हा मी ती डेस्कटॉपवर टाकली आणि फोनमधून पुसली. दुसरी प्रत ठेवली नाही. तत्त्व बरोबर होतं, मूर्खपणा माझा.

रविवारी सकाळी अकरा वाजता सरस्वतीपुरमच्या आमच्या घरी मी ते मशीन सुरू केलं. स्क्रीन काळा, आणि लांब बीप... बीप... बीप. म्हणजे मेमरीचा, रॅमचा दोष. हार्ड डिस्क काढून दुसरीकडे लावावी, तर इतक्या जुन्या डिस्कचा अडॅप्टर दुकानात मंगळवारशिवाय मिळणार नव्हता.

कॅबिनेट उघडलं. पंख्यावर, रॅमच्या खाचांत कुंकू! दर दसऱ्याला, आयुधपूजेला, यंत्रांना विश्रांती देऊन आई गुपचूप लावते ते.

“आई! यंत्राला कुंकू कशाला फासतेस गं?”

“अय्यो, बिडे! राहू दे गं! ओरडतेस कशाला?” आई स्वयंपाकघरातूनच म्हणाली. “कामगार-कामगार करत गावभर फिरतेस. वर्षभर राबणाऱ्याला मी एक दिवस सुट्टी दिली, मान दिला, तर तुझ्या पोटात का दुखतं?”

मी ड्रॉवरमधला ब्रश काढला.

ब्रशने कुंकू झाडलं. रॅमच्या दोन्ही पट्ट्या खोडरबराने घासल्या, परत बसवल्या. बीप. खाचा बदलल्या. बीप. शेवटी बोर्ड तरी जिवंत आहे का बघावं म्हणून मी दोन्ही पट्ट्या काढल्या. रॅम नसताना मशीनने बीप करायलाच हवं, ही साधी चाचणी आहे. पट्ट्या डाव्या हातात धरून उजव्या हाताने बटण दाबलं.

बीप झाली नाही.

पंखा फिरला आणि विंडोज उघडलं. डेस्कटॉपवर रत्नम्मांची फाइल.

मी विचार केला नाही, खरंच केला नाही. पेन ड्राइव्ह लावला आणि कॉपी सुरू केली. पुरी उतरल्यावर ती पेन ड्राइव्हवरूनच चालवून पाहिली. खोकला... मग तो खरखरीत आवाज, “बरकोळ्ळी, मेडम.” लिहून घ्या, मॅडम.

आई हात पुसत दारात आली. “लागला की! कुठली पट्टी खराब होती?”

मी डावा हात उघडला.

आईने हाताकडे पाहिलं, मग उघड्या कॅबिनेटकडे. दोन खाचा, दोन्ही रिकाम्या. ती हळूच म्हणाली, “मग हा... कशावर चाललाय?”

मी झटकन पेन ड्राइव्ह काढला आणि त्याच क्षणी स्क्रीन काळा झाला. पुन्हा बटण दाबलं तर लांब बीप. त्यानंतर नव्या पट्ट्या घालूनही ते मशीन कधी लागलं नाही. दुरुस्तीवाला म्हणाला, “या बोर्डावर दुसरी मेमरीच नाही. तुम्हाला भास झाला असेल.” मग पेन ड्राइव्हवरची फाइल कोणाचा भास?

सोमवारी साक्षीबरोबर एक प्रमाणपत्र द्यायचं होतं: ‘ही प्रत काढली तेव्हा संगणक व्यवस्थित चालत होता.’ खाली माझी सही. कारखान्याचा वकील समोरच बसलेला. खरं सांगितलं असतं तर तो हसला असता आणि साक्ष केराच्या टोपलीत गेली असती. मी प्रमाणपत्र पुन्हा एकदा वाचलं. शेजारी रत्नम्मांची मुलगी होती. ती एवढंच म्हणाली, “अक्का, अम्माचा आवाज ऐकवतील ना?”

मी सही केली.

ऐकवला. हौदाची तपासणी झाली, त्या अकरा बायकांना तिथून हलवलं, हौदाला सील लागलं.

पत्रकात मी आजही लिहीन की प्रत्येक गोष्टीला कारण असतं. या गोष्टीचं मला सापडलेलं नाही. कुणाला ठाऊक असेल तर जरूर सांगा, मी आभारच मानीन. त्या प्रमाणपत्रावर मी एक शब्दही खोटा लिहिला नाही. संगणक त्या वेळी व्यवस्थितच चालत होता. कसा चालत होता, हे कोणी विचारलं नाही... आणि विचारू नये, असं मला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.