चुकीच्या बाजूचा ओढा

देवळाच्या कोनाड्यात रांगोळीची एक पितळी वाटी असते. तिच्याकडे पाहिले की माझा संशय पुन्हा जागा होतो.

ओढ्यावर बंधारा कुठे घालायचा, यावरून वरची वाडी आणि आमची खालची वाडी कित्येक वर्षे एकमेकींशी बोलत नव्हत्या. एका संस्थेच्या तरुण कार्यकर्त्याने दोन्हींना देवळासमोर बसवले, याच वाटीतल्या रांगोळीने गावाचा नकाशा काढायला घेतला आणि ओढा देवळाच्या उगवतीला दाखवला.

"अहो, मावळतीला!" दोन्ही वाड्या एकदमच ओरडल्या.

"डोळे काय शहरात ठेवून आलात, साहेब?" वरच्या वाडीचा दगडू म्हणाला, आणि त्याच्याबरोबर मीही हसलो.

"चुकलं माझं, आजोबा. तुम्हीच दाखवा," तो मला म्हणाला.

मी ओढा काढला. दगडूने त्यावर बंधाऱ्याची रेघ ओढली, आणि ती मला पटली.

लोक म्हणतात, बिचाऱ्याला दिशा कळल्या नाहीत. मला हे मुळीच मान्य नाही. आदल्याच दिवशी मी त्याला त्याच ओढ्यात पाय धुताना पाहिले होते. दोघांना जोडणाऱ्याने शहाणपण मिरवावे, हे मी समजू शकतो. पण दोघांनी मिळून हसावे म्हणून जो स्वतः वेडा ठरतो, त्याच्या नम्रतेवर नजर ठेवलेली बरी.

बंधारा आम्ही घातला, त्याने नव्हे. हे मी कोणालाही ठणकावून सांगेन. मात्र त्या गर्दीत ही वाटी नेमकी माझ्या आणि दगडूच्या मधोमध कोणी ठेवली होती, हे मला अजून कोणी सांगितलेले नाही.