काटकोनातली गुंडाळी

वायरलेस संचांच्या कामात मी चाळिशीनंतर आले. पावसाने रस्ता बंद होण्याआधी एक संच भामरागडला पोहोचवायचा होता. पण चंद्रपुरात तो चाचणीला लावला की शेजारच्या टीव्हीवर रेघा उमटत. ॲम्प्लिफायरमधल्या नकोशा लहरी अडवणारा फिल्टर मी काड्यापेटीएवढ्या जागेत बसवला होता, तरी रेघा कायम होत्या.

"बाई, डबा मोठा घ्या न जी! एवढ्याशात काय मावते?" संच चालवून बघणारा ऑपरेटर म्हणाला.

"मावेल," मी पुटपुटले. आवाज खाली असला तरी गणित पक्के होते. फिल्टरमधल्या तारेच्या दोन गुंडाळ्या समांतर ठेवल्यामुळे एकीतल्या लहरी न अडता थेट दुसरीत उतरत होत्या. मी एक गुंडाळी काटकोनात वळवून सोल्डर केली.

ऑपरेटर संचावर बोलू लागला. तो बोलत असतानाच शेजारीण खिडकीतून ओरडली, "मशीन काऊन बंद केली जी? चित्र साफ दिसून राह्यलं!"

सकाळच्या जीपने संच भामरागडला गेला.