आधी पाय बघणाऱ्या सिस्टर

अन्याय झाला तो आमच्या सिस्टरवर. मार्चअखेरच्या सोमवारी, दुपारी चार वाजता, ओपीडी आवरता आवरता त्यांच्या हातात एका ओळीचं पत्र ठेवलं गेलं: कंत्राटाची मुदत संपली, उद्यापासून येऊ नये. अकरा वर्षं ज्या बाईने आमच्या गावच्या दवाखान्यात माणसाचं तोंड बघण्याआधी पाय बघितले, तिला एक ओळ!

खरंच, पेशंट दारात आला की सिस्टरची नजर थेट घोट्यावर. खाली बसायच्या, अंगठ्याने नडगी दाबायच्या, बोट उचलून वाट बघायच्या. खड्डा तसाच राहिला की म्हणायच्या, "पाणी साठायलंय बघा." हृदय निकामी झालं, असं पेशंटसमोर कुणी बोललेलं त्यांना खपत नसे. "निकामी कशानं? काम करायलंय की बिचारं. दमलंय. आपण त्याचं ओझं हलकं करायचं."

माझी मावशी त्यांची पेशंट. आई गेल्यावर मावशीनेच मला वाढवलं, सोनपेठच्या आठवडी बाजारात हळद-मिरची विकून. सिस्टरनी तिला वजनकाटा वापरायला शिकवला होता. रोज सकाळी लघवीला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी वजन करायचं, आकडा कॅलेंडरवर लिहायचा. दोन-तीन दिवसांत दोन किलो चढले तर तडक दवाखाना. गोळ्या तीन प्रकारच्या: एक धडधड आवरणारी, एक रक्तदाब उतरवणारी, एक लघवीची. बरं वाटलं म्हणून एकही बंद करायची नाही.

मिठावरून दोघींची कायम जुंपायची.

"सोमवारी मी मीठच खात न्हाई, सिस्टर. उपासाला सैंधव घालते."

"मावशी, ते महादेवाला चालतंय. तुमच्या पायाला चालत न्हाई!"

कॅलेंडर चाळताना सिस्टरच्याच लक्षात आलं की बाजाराच्या दुसऱ्या दिवशी वजन हटकून वाढतं. मावशी आधी उडवाउडवी करत राहिली. मग हळूच म्हणाली, "ती गोळी घेतली की घडीघडी उठावं लागतंय. बाजारात बाईनं जायचं कुठं?" सिस्टर रागावल्या नाहीत. आत जाऊन डॉक्टरांना विचारून आल्या. "बाजाराच्या दिवशी घरी आल्यावर चारला घ्या. सरकवायची, सोडायची न्हाई. पण रात्री घेऊ नका, झोपेचं खोबरं होईल." पुढच्या आठवड्यात वजन जाग्यावर. मग त्यांनी ओपीडीतल्या एकेका बाईला बाजूला घेऊन तेच विचारलं. कितीतरी जणी लाजेपायी गोळी चुकवत होत्या आणि कुणाला पत्ता नव्हता.

मला त्या पुढारी म्हणायच्या. "काय पुढारी, आज कुणाचा निषेध?" पत्र मिळालं तेव्हा मी म्हटलं, धरणं धरू. त्या नको म्हणाल्या आणि सामान बांधून चारठाण्याला माहेरी गेल्या. मी ऐकतोय कशाला! परभणीत रस्त्याकडेला मांडव घातला, पत्रकं छापली. गावच्या बायका आल्या. मावशी सगळ्यात पुढे बसली. चार दिवस, सकाळी निघायचं ते दिवस मावळल्यावरच घरी.

दुसऱ्या दिवशी दुपारी सिस्टरचा फोन आला. "बायका गोळ्या घ्यायल्यात का? विचार त्यांना."

"विचारतो," म्हणालो आणि पत्रकाचं प्रूफ वाचायला बसलो.

मांडवाच्या आसपास बायकांसाठी मुतारी नव्हती. आम्हा पोरांना भिंत पुरत होती, म्हणून ते मला दिसलंच नाही. मावशीने चारही दिवस लघवीची गोळी घेतली नाही. दिवसा सोय नव्हती, आणि रात्री घ्यायची नाही हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं. बस पकडायच्या घाईत सकाळचं वजनही राहिलं. पाचव्या दिवशी सकाळी ती भिंतीला टेकून बसली होती. आडवं होता येत नव्हतं. "लय दम लागायलाय रे," म्हणाली. पायात चप्पल जात नव्हती. परभणीच्या दवाखान्यात दोन दिवस काढले तिने. मग गेली.

सिस्टर मातीला आल्या. सगळे पांगल्यावर त्यांनी कॅलेंडर मागितलं. धरण्याच्या चारही दिवसांचे चौकोन कोरे होते. त्यांवरून बोट फिरवत म्हणाल्या, "माझ्यासाठी बसल्या होत्या नं त्या?" जाताना एवढंच म्हणाल्या, "आता माझ्या नावानं कुणाला बसवू नको." आता त्या चारठाण्यातच एका खाजगी दवाखान्यात इंजेक्शनं देतात. आमच्या ओपीडीत त्यांची खुर्ची अजून रिकामी आहे, आणि बायकांच्या वजनाची चौकशी करणारं कुणी नाही.

ती जागा भरा, ही मागणी सरकारकडे आहे, ती मी सोडलेली नाही. तुमच्याकडे दुसरी आहे. धरणं असो, लग्न असो, सभा असो, बायकांना दिवसभर बसवणार असाल तर मांडवाच्या आधी मुतारीची सोय करा. आणि तुमच्या घरात आई, आत्या, सासू, कुणालाही लघवीची गोळी चालू असेल, तर बाहेरगावी जायच्या दिवशी ती घेते का, हे तिला विचारा. नाही म्हणाली तर खेकसू नका, वेळ कशी बदलायची ते डॉक्टरांकडून समजून घ्या. उद्या नको. हे पान खाली ठेवा आणि आत्ता विचारून या.