कडसर लागली तर

आमच्या गल्लीचा मोबाइलवरचा ग्रुप मी चालवते. मला कुणी नेमलेलं नाही, पण पवनीत पस्तीस वर्षं मास्तरीण राहिलेल्या बाईला कुणी नेमावं लागत नाही. नळ उद्या उशिरा येणार, रामनवमीच्या पाठोपाठ जयंतीच्या मिरवणुकीची मीटिंग कुठे आहे, कुणाची गाय कालपासून सापडत नाही, कुणाकडे बारसं आहे, हे सगळं मीच लिहिते. दुसऱ्या कुणी लिहिलं की त्यात ऱ्हस्व-दीर्घाचा असा चिवडा असतो की सकाळी सकाळी माझं डोकं उठतं. लोकही म्हणतात, बाईनं टाकलं म्हणजे पक्कं. हे ऐकायला मला आवडायचं. खोटं कशाला बोलू, फारच आवडायचं.

होळीच्या सुमाराला ह्या बातम्यांत माझ्या परसाची भर पडते. परस म्हणजे काय, घरामागे दोन खाटा मावतील एवढी जागा. त्यात वांगी, मिरची, थोडी कोथिंबीर, म्हणजे आमचा सांबार, आणि यंदा पहिल्यांदाच लवकीचा वेल. लवकी म्हणजे दुधी भोपळा. बी कोंढा गावच्या माझ्या बहिणीने दिलं होतं, तिच्या कुंपणावरच्या लवकीचं. त्याच कुंपणावर कडू भोपळ्याचाही वेल चढला होता, हे तिने सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. दोन वेल शेजारी असले की बियांत कडूपणा उतरू शकतो, हे मला कुठे ठाऊक होतं? संक्रांत झाली आणि मी बी टोचलं, बांबूचा मांडव घातला, सकाळ-संध्याकाळ बादलीने पाणी घातलं. होळीनंतर लवक्या लोंबू लागल्या, अगदी कोवळ्या, नख लावलं तर रुतेल अशा.

पहिल्या तोडीला सहा निघाल्या. एक घरी ठेवली आणि पाच संध्याकाळी पाच घरी स्वतः नेऊन दिल्या. ग्रुपवर फोटो टाकला, खाली लिहिलं की फवारणी नाही, फक्त शेणखत. टाळ्यांची रांग लागली. मी तो फोटो झोपायच्या आधी दोनदा उघडून पाहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी लवकी चिरत होते. आमच्या ह्यांना चिरलेलं काहीही कच्चं तोंडात टाकायची सवय आहे. त्यांनी एक फोड उचलली, चावली आणि थेट मोरीकडे पळाले. तोंड धुऊन आले आणि म्हणाले, "लवकी चिरून राहिली का कारलं?" मी जिभेच्या टोकाला लावून पाहिलं. कडू जहर होती. जीभ किती तरी वेळ बधिर राहिली. माझा पारा चढला, तोही वेलावर नाही, ह्यांच्यावर. उन्हाने होते थोडी कडसर, त्यात एवढं नाटक करायचं काही कारण नाही, असं मी ऐकवलं. फोडी कचऱ्यात टाकल्या आणि वांगी चिरायला घेतली.

मग मनात आलं की दुपारपर्यंत पाच घरांत हेच होणार. बाईची लवकी कडू निघाली, असं गल्लीभर होणार. त्यांनी काही बोलायच्या आत आपणच लिहावं म्हणून मी मोबाइल घेतला. लिहिलं, "उन्हामुळे लवकी किंचित कडसर लागली तर काळजी नसावी. कारल्याप्रमाणे मीठ लावावे. कडू पोटाला चांगलेच असते." पुन्हा वाचून पाहिलं. एक स्वल्पविराम घालावा का, ह्याचा विचार केला आणि पाठवून दिलं.

माझी मुलगी नागपूरला नर्स आहे. रात्रपाळी संपली की साडेनऊच्या सुमाराला तिचा फोन येतो. मी तिला बापाची फजिती रंगवून सांगितली. ती हसली नाही.

"आई, तू कोणाकोणाले देली ते लवकी?"

"पाच घरी. काहून?"

"त्यातल्या कोणी रस पेला का? कडू लवकी विषारी असते, आई. बीपी एकदम खाली जाते, रक्ताच्या उलट्या होते. पेशंट येतात आमच्याकडं. तू फोन ठेव अन् आधी सगळ्याइले सांग."

"मीठ लावलं तर?"

"मिठानं काही नाही होत."

आधी मी सकाळचा मेसेज पुसला, सगळ्यांच्या मोबाइलमधून जाईल असा. मग नवीन लिहिला, लवकी कडू असेल तर अजिबात खाऊ नका, फेकून द्या. त्यात दोन शब्द चुकले, ते मी तसेच जाऊ दिले. मग एकेक घर फोनवर धरलं. पहिल्या दोन घरी चिरलीच नव्हती. तिसरीने भाजी टाकली होती, ती चुलीवरून उतरवली. चौथीने आपली लवकी सकाळच्या बसने लाखांदूरला बहिणीकडे धाडली होती. तिला मी लाखांदूरला फोन लावायला लावला आणि बहीण हो म्हणेपर्यंत लाइनवर थांबवून ठेवलं.

पाचवं घर समोरचं. तिथले काकाजी आयुष्यभर हातमागावर बसलेले, आता गुडघ्यांनी माग सोडवला. त्यांना शुगर आहे. रोज सकाळी लवकीचा रस पितात, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक आहे. मला तर असायलाच हवं होतं, कारण ते पितात म्हणूनच मी सगळ्यात मोठी लवकी त्यांना दिली होती. फोन वाजून वाजून बंद झाला.

मी तशीच गेले. काकीजी दारातच भेटल्या, तोंड उतरलेलं.

"काकाजी कुठं आहेत?"

"मोरीत. घंटाभर झाला, ओकून राहिले जी. पित्त झालं असंन."

"रस पेले का?"

"हो ना. गिलासभर."

काकाजी मोरीच्या उंबऱ्यावर बसले होते. अंग घामाने भिजलेलं, हात गार. उलटीत लाल दिसत होतं. ते मला पाहून उठायला लागले, बाई आल्या म्हणून, आणि उठता येईना. मी ऑटो बोलावला. मागच्या सीटवर एका बाजूने मी धरलं, दुसऱ्या बाजूने काकीजींनी. ते माझ्या खांद्यावर कलले होते आणि मी दर खड्ड्याला त्यांचा श्वास ऐकत होते.

दवाखान्यात कुणी काही विचारायच्या आत मी डॉक्टरांना सांगितलं, कडू लवकीचा रस पोटात गेला आहे. मुलीचं सकाळचं बोलणं डोक्यात होतं. डॉक्टर तरुण होते, पण त्यांच्या लगेच लक्षात आलं. सलाइन लागलं, बीपीचा पट्टा बांधला, पुन्हा पुन्हा बीपी पाहत राहिले. आम्हाला बाहेर बसवलं.

त्या बाकावर मला जी भीती वाटली, ती सगळी काकाजींसाठी नव्हती. लिहायला लाज वाटते, पण तसंच होतं. माणूस गेला तर, हा विचार आला की त्याच्यामागून लगेच दुसरा यायचा, की सकाळचा मेसेज त्यांनी वाचला होता का. आता तो कुणाच्याच मोबाइलमध्ये नव्हता. लवकी कडू निघणं कुणाच्या हातात नसतं, असं कुणीही म्हणेल. लोक मला दोष देणार नाहीत. मी हे मनात घोळवत होते आणि शेजारी काकीजी आतल्या दाराकडे पाहत बसल्या होत्या. मला स्वतःची किळस आली.

ऊन कलायला लागलं तेव्हा डॉक्टर बाहेर आले. बीपी सावरलं आहे, आता जिवाला धोका नाही, दोन दिवस मात्र इथेच ठेवू, असं म्हणाले. काकीजींना तेव्हा रडू फुटलं. त्यांनी माझा हात दोन्ही हातांत घट्ट धरला.

"माझंच चुकलं जी, बाई," त्या म्हणाल्या. "एक घोट घेतला अन् म्हणाले, लय कडू आहे, नाही पेत मी. मीच म्हटलं, बाईनं लिहिलं आहे ना, मीठ टाकलं का चालते. त्याइनं ठेवून देलेला गिलास मी पुन्हा हातात देला. मीठ कमी पडलं असंन माझ्या हातून."

मी गप्प राहिले असते तर त्यांनी जन्मभर तेच धरून ठेवलं असतं. मीठ कमी पडलं.

"मीठ कमी नाही पडलं," मी म्हणाले. "मिठानं काही होतच नाही. मी न विचारता चुकीचं लिहिलं. अन् कळल्यावर पुसून टाकलं."

त्यांना नीट समजलं नाही बहुतेक. त्यांनी डोळे पुसले. "तुमीबी तशीच खाल्ली असंन ना, मीठ लावून?"

"नाही. आमच्या घरची मी फेकून दिली."

"मेसेजच्या आधी?"

"आधी."

मग त्यांनी माझा हात सोडला, पदर सावरला आणि आत जाऊन काकाजींच्या खाटेजवळ बसल्या.